कामाटीबागेत एक परस हवा

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन गावात वायकाटो नदीच्या काठावर हॅमिल्टन गार्डन्स नावाची सार्वजनिक बाग आहे, आणि आपल्या बडोद्यातल्या, निदान कामाटीबागेत रोज चालायला जाणाऱ्या प्रत्येकाने तिच्याबद्दल ऐकावं असं मला फार मनापासून वाटतं, म्हणून आज बसून लिहितेच. माझी लेक तिकडे असते त्यामुळे माझं जाणं होतं. ती बाग ५४ हेक्टर म्हणजे साधारण १३३ एकर, आपली कामाटीबाग ११३ एकर. दोन्ही नदीकाठच्या, दोन्हीकडे रविवारी पोराबाळांना घेऊन गर्दी, त्यामुळे पहिल्यांदा गेले तेव्हाच मनात कामाटीबाग आली आणि मग ती गेलीच नाही.

गुलाबाची बाग, औषधी वनस्पतींची बाग हे सगळं तिथेही आहे पण त्याचं मला एवढं नाही वाटलं. विशेष काय तर त्यांनी जगातल्या वेगवेगळ्या लोकांनी बाग रचली कशी ते दाखवलंय. झाडं कुठली हा मुद्दा नाही, तर पाणी कुठून आणलं, भिंत कुठे घातली, माणसाने कुठून आत यायचं, कुठे बसायचं आणि बसल्यावर समोर काय दिसायला हवं. एक मोठा चौक आहे, चौकाच्या बाजूंना दारं आणि प्रत्येक दारातून आत गेलं की एका देशाची बाग, उंच भिंती आणि झाडी अशी की एकीत उभं राहून दुसरी दिसत नाही. चीन, जपान, इटली, इंग्लंड, अमेरिका आणि भारत. या सहा झाल्या मुख्य, त्याशिवाय अजून कितीतरी आहेत, जुन्या इजिप्तची सुद्धा आहे, ती २०२२ साली उघडली.

आणि ऐका, ही सगळी जागा पूर्वी काय होती माहितेय? बराचसा भाग गावाचा कचरा टाकायचा डेपो! १९६० साली एका छोट्या तुकड्यावर बाग सुरू झाली आणि पुढे पीटर सर्जेल नावाच्या तिथल्या बागप्रमुखांनी कित्येक वर्षं धरून ही कल्पना एकेक करत उभी केली, एक बाग झाली की दुसरी, पैसे जमतील तसं. २०१४ साली तिला आंतरराष्ट्रीय पर्यटनातला गार्डन ऑफ द इयर पुरस्कार मिळाला. म्हणजे एका रात्रीत कोणी कंत्राट देऊन केलेलं काम नाहीये हे, पिढीभराचं काम आहे. आता २०२४ पासून बाहेरगावच्या लोकांना या भिंतीतल्या बागांसाठी तिकीट आहे, गावातल्यांना नाही, ते मला योग्यच वाटतं.

जपानच्या बागेत मधोमध लाकडी मंडप आहे. मंडपाच्या एका बाजूला तळं, दगड, हिरवळ आणि पाठ फिरवून दुसऱ्या बाजूला बसलं तर पाण्याचा थेंब नाही, नुसती दाताळ्याने रेघा ओढलेली खडी आणि मोठे दगड. मी सवयीने खाली उतरून फिरायला वाट शोधत होते तर लेक म्हणाली, "आई, ही बाग बसून बघायची आहे गं, फिरायची नाही." क्योटोला र्योआन-जी देवळात अशीच कोरडी बाग आहे, तिथे १५ दगड आहेत आणि कुठेही बसलं तरी एक दगड नजरेआड राहतोच, अशी ती मांडणी. पुण्यात सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यान बघितलंय ना सगळ्यांनी? ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलंय, ती मात्र फिरायची बाग, वळणावळणाने जायचं आणि दर वळणाला समोरचं चित्र बदलायचं. म्हणजे एकाच जपानमध्ये सुद्धा दोन परंपरा. चिनी बागेत अजून तिसरंच, तिथे सरळ काही दिसूच देत नाहीत, भिंतीला गोल दार, पुढे आडवा खडक, मग पूल, मग एकदम उंचावरचा मंडप. वाचन-लेखन करणाऱ्या विद्वान माणसाने सरकारी नोकरीच्या कटकटीतून सुटून येऊन बसायची जागा, सुझोउला अशा खऱ्या जुन्या बागा अजून आहेत. इटालियन बाग म्हणजे सगळं मोजून मापून, मधली रेघ सरळ, दोन्ही अंगाला सारखं. अमेरिकन बागेत पोहायच्या तलावासारखं उथळ पाणी, पिवळ्या खुर्च्या आणि मेरिलिन मन्रोचं मोठं चित्र, मुलांना ती आवडते, मी तिथे फार थांबत नाही.

भारताची म्हणून त्यांनी चारबाग केलीय. मधे कारंजं, चार दिशांना पाण्याचे पाट, त्यामुळे पडलेले चार भाग आणि त्यात मोसमी फुलं अशी दाटून लावलेली की इराणी गालिचाच वाटावा, तोच तर उद्देश असतो त्या रचनेचा. पण मला भावली ती दुसरीच गोष्ट. चारबाग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हुमायूनची कबर येते, मधे इमारत आणि चहूकडे बाग. आग्र्याला मात्र यमुनेच्या दोन्ही काठांवर बागांची रांग होती आणि तिथे इमारत मधे न ठेवता नदीच्या कडेला नेलेली, ताजमहाल सुद्धा बघा, बागेच्या मधोमध नाहीये, टोकाला आहे, यमुनेवर. हॅमिल्टनची चारबाग या आग्र्याच्या पद्धतीची आहे. तुम्ही दारातून आत येता, फुलांमधून सरळ चालत जाता आणि शेवटी पांढऱ्या मंडपात पोचलात की खाली वायकाटो नदी वाहताना दिसते, तिला त्यांनी यमुनेची जागा दिलीय. कोणी केला असेल एवढा विचार, आपल्यापासून इतक्या लांब बसून! मला खरंच भरून आलं.

चारबागेत मूळ कारागिरी आहे ती पाण्याची, हेही तिथेच बसून नीट कळलं. बाबर १५२६ साली पानिपत जिंकून आग्र्याला आला तेव्हा त्याची मोठी तक्रार होती की इथे ऊन, धूळ, आणि बागांमधून वाहतं पाणीच नाही. त्याच्याकडे काबूलला डोंगरातून झरे उतरायचे, तिथे पाट काढला की बाग झाली. इकडे सपाट जमीन आणि नदी खोल खाली. मग रहाटाने पाणी वर उचलायचं, उंचावर साठवायचं आणि तिथून उताराने सोडायचं, पाट त्या उताराचे, कारंजी त्या पाण्याच्या दाबाची. म्हणजे डोळ्याला जी फुलं दिसतात ती शेवटची पायरी, आधी पाण्याचा हिशोब.

हा पाण्याचा हिशोब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या बागेत मी सगळ्यात जास्त वेळ घालवते ती जागा म्हणजे "ते पारापारा", "ते" हा नावाचाच भाग. ही माओरी लोकांची बाग. कोरीव लाकडी कमान आहे, आत गेलं की समोर काय, तर मातीचे लहान लहान उंचवटे, ओळीने, आणि त्यावर रताळ्याचे वेल. बस. रताळ्याला तिकडे कुमरा म्हणतात. हे लोक होड्यांतून समुद्र पार करून आले तेव्हा हे कंद बरोबर आणले, पण तो उष्ण प्रदेशातला कंद आणि न्यूझीलंडची थंडी, ओल, चिकट माती यात तो कुजून जायचा. तर त्यांनी काय केलं, खड्डे खणून खालची रेती आणि बारीक खडी काढली, पाठीवर वाहून आणून मातीत मिसळली म्हणजे पाणी झिरपेल आणि माती उन्हाने लवकर तापेल, वर उंचवटे केले म्हणजे मुळाशी पाणी साचणार नाही. वायकाटोच्या काठाने अशी माणसांनी बनवलेली जमीन मैलोनमैल आहे. काढलेलं पीक थंडीभर टिकावं म्हणून जमिनीत खड्डे, आणि खांबांवर उभं केलेलं नक्षीदार कोठार. आणि ही बाग बसवली आहे ती त्या जागेच्या मूळ माओरी लोकांना विचारून, त्यांच्या सोबतीने.

आता बघा, ही कुठल्या राजाची बाग नाही, विद्वानाची नाही, बादशहाची नाही. पोटासाठी केलेली बाग. तरी त्यांनी तिला "ही शेती झाली" म्हणून बाजूला नाही ठेवलं, इटलीच्या आणि चीनच्या बागेचा जो मान तोच तिला, तशीच कमान, तशीच माहितीची पाटी, लोक तितक्याच आदराने उभं राहून बघतात. मी तिथल्या बाकावर बसले होते आणि एकदम डोक्यात आलं की हे जर बाग असेल, आणि आहेच, तर आमच्या दांडिया बाजारच्या वाड्याचा परस ही पण एक रचलेली बाग होती की! आणि ती कुठेच मांडून ठेवलेली नाही. बडोद्यात नाही, पुण्यात माझ्या तरी बघण्यात नाही.

माझं माहेर दांडिया बाजारचं, वाडा आता राहिला नाही. पण मागचा परस मला अजून डोळे मिटून चालता येईल. न्हाणीघराच्या भिंतीला खाली एक भोक होतं, तिथून पाणी बाहेर एका दगडी पन्हळीत पडायचं, पन्हळ हातभर रुंद असेल, शेवाळलेली, आणि तिथून पुढे मातीतला पाट. आता ओळ ऐका. पन्हळीच्या तोंडाशीच सोनटक्का आणि कर्दळ, कारण यांचे पाय सतत ओले लागतात. पुढे केळीचं बेट. मग अळू, त्यातही वडीचं काळ्या देठाचं एका अंगाला आणि भाजीचं हिरवं दुसऱ्या अंगाला, आजी कधी त्यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही. आणि पाट जिथे संपतो, पाणी नुसतं ओलीपुरतं उरतं, तिथे गवती चहा. म्हणजे ज्याला जास्त तहान तो पुढे, कमी तहान तो मागे. न्हाणीचं पाणी म्हणजे शिकेकाई आणि चण्याच्या पिठाचं पाणी, झाडाला बाधायचं नाही, आणि परसाबाहेर एक थेंब वाहून जायचा नाही. बाबराने रहाटाने जे केलं तेच आजीने आंघोळीच्या बादलीने केलं होतं, मी हे अगदी गंभीरपणे म्हणतेय, उतार, पाट, आणि पाण्याच्या क्रमाने लावलेली झाडं, तीच अक्कल.

बाकीचं पण उगीच लावलेलं नव्हतं. कढीपत्ता स्वयंपाकघराच्या दाराला, फोडणी तापेपर्यंत हात बाहेर काढून टाळा तोडता यायला हवा. जास्वंद आणि दूर्वा विहिरीजवळ, कारण आंघोळ करून विहिरीवरून थेट पूजेला जायचं तर वाटेतच फुलं हवीत. तुळशी वृंदावन मागल्या दारासमोर, त्याला न्हाणीचं पाणी कधीच नाही, कलशातलं चांगलं पाणी. प्राजक्त अशा ठिकाणी की खालची जागा शेणाने सारवलेली राहील, कारण त्याची फुलं तोडायची नसतात, पडलेली वेचायची, मग पडायला जागा नको स्वच्छ? लिंबू सगळ्यात जास्त उन्हाच्या कोपऱ्यात. अडुळसा कुंपणाला, गुरं तोंड लावत नाहीत त्याला, आणि खोकल्याला पानं हाताशी. अनंत खिडकीखाली, रात्री वासासाठी. शेवगा मात्र भिंतीच्या पलीकडे, तो घरात लावायचा नाही असं आजी म्हणायची. भिंतीच्या फटीत पिंपळाचं रोप दिसलं की आजोबा हात जोडून ते काढायचे आणि नदीकाठी नेऊन लावायचे.

हे कागदावर काढलं तर नकाशा होतो. कुठल्याही बागेच्या रचनाकाराने मान डोलवावी असा नकाशा. तो आमच्या एकट्याचा नव्हता, शेजारच्या वाड्यात थोड्याफार फरकाने हेच, रावपुऱ्यात मावशीकडे हेच, म्हणजे ही परंपराच की, आणि ती चालवली बायकांनी.

आता बडोद्याकडे येते. बागांच्या बाबतीत आपलं गाव काही लहान नाही. सयाजीराव महाराजांनी कामाटीबाग १८७९ साली उभी केली. लक्ष्मी विलास पॅलेसच्या बागेसाठी विल्यम गोल्डरिंग, लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये काम केलेला माणूस. मग क्रुम्बिगेल, जर्मन, तोही क्यूमधूनच १८९३ साली बडोद्याच्या नोकरीत आला आणि पुढे म्हैसूरच्या महाराजांकडे गेला, आज बंगलोरच्या लालबागेत त्याचं नाव घेतात पण भारतातलं त्याचं पहिलं काम आपल्या बडोद्यात, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? महाराजांची दृष्टीच तशी, जगातलं उत्तम ते माझ्या रयतेला मिळालं पाहिजे. म्युझियम बघा, १८९४ ची इमारत, त्यात इजिप्तची ममी सुद्धा आहे, म्हणजे जग बडोद्यात आणायची सवय आपल्याला महाराजांनीच लावली. त्यामुळे बँडस्टँड आहे, इंग्रजी वळणाचे रस्ते आणि हिरवळ आहे, पुष्पघड्याळ आहे, मुलांची गाडी आहे, मोठे मोठे जुने वृक्ष आहेत. मला ते सगळं जीव की प्राण आहे. फक्त त्याच काळात त्याच गावात, बागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, वाड्यावाड्यांच्या मागे जी बाग फुलत होती ती तेवढी तिथे नाही.

मी हे आमच्या सकाळच्या चालायच्या ग्रुपमध्ये बोलले तर एक काका म्हणाले, "अहो पण ताई, अळू काय बघायचंय? तिकीट काढून कोण येईल?" मी म्हटलं काका, हॅमिल्टनमध्ये माणसं तिकीट काढून रताळं बघतायत, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आमच्या गुजराती मैत्रिणीला मात्र पटकन पटलं, ती म्हणाली मग आमच्या घरचा चोक पण करा, ओटला करा, हिंडोळो टांगा. अगदी बरोबर आहे तिचं, बडोदं काही एकट्या मराठी माणसांचं नाही, दोन परस शेजारी शेजारी असावेत, मधे बुटकी भिंत, वरून वाटीची देवघेव होईल एवढी.

जागा फार नकोच आहे. अर्धा एकर सुद्धा खूप झाला. पाणी प्यायच्या नळांचं आणि हात धुवायचं जे पाणी बागेत वाया जातं ते पन्हळीने आणायचं, साबणाचं नको, हल्लीचे साबण झाडांना चालायचे नाहीत, आणि त्याच्या काठाने वर सांगितलं त्याच ओळीने झाडं. एक वृंदावन, एक विहिरीचा कठडा, सारवायला थोडी जमीन. पुराचा विचार मात्र आधी करायला हवा, २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीने काय केलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, मगरी रस्त्यावर आल्या होत्या, तेव्हा जागा उंचावरची बघावी लागेल. झाडं निवडायला युनिव्हर्सिटीचा बॉटनी विभाग आपल्याच गावात आहे, आर्किटेक्चरची मुलं आहेत, जे दोन-चार वाडे अजून शिल्लक आहेत त्यांचे परस त्यांनी आत्ताच टेप घेऊन मोजून ठेवले पाहिजेत, बिल्डरची पाटी लागायच्या आत. सेवासदनला, म्हणजे आपल्या महापालिकेला, रीतसर अर्ज करायचा आहे, मसुदा मी करतेय, सोबत नकाशा जोडणार, मराठी आणि गुजराती दोन्हीतून.

आणि हे सगळं माझ्या एकटीच्या आठवणीवर नको व्हायला, म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. तुमच्या घराच्या, आजोळच्या परसात काय होतं ते खाली लिहा. नुसती झाडांची नावं नकोत, कुठलं झाड कशाच्या शेजारी होतं, मोरीचं पाणी कुठे जायचं, ऊन कुठल्या बाजूने यायचं, हे लिहा. वाडी, बाबाजीपुरा, सलाटवाड्याच्या लोकांनी तर लिहाच, पण इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींनीही लिहा, तिकडच्या थंडीत केळ टिकायची का, तिच्या जागी काय असायचं ते मला जाणून घ्यायचंय. ज्यांच्या घरी आई-आजी आहेत त्यांनी त्यांना विचारून, जमलं तर त्यांच्या हातूनच एका कागदावर वेडावाकडा नकाशा काढून घेऊन फोटो टाका. अर्जाला जोडायला मला ते सगळे नकाशे हवेत, पावसाळ्याच्या आत अर्ज गेला पाहिजे, म्हणजे मृगाला निदान अळूचे कंद तरी लावता येतील.